आयफोनच्या रांगेत रात्रीपासून उभं राहावं का? (कोरेगाव पार्क, पुणे)

सिंहगड_रोडकर

मंडळी, येत्या सप्टेंबरात नवे आयफोन आले की पहिल्याच दिवशी दोन नग घ्यायचे आहेत. एक प्रो, त्याच्या बदल्यात आयफोन १३ एक्सचेंजला द्यायचा. दुसरा साधा, घरातल्या अँड्रॉइडच्या जागी. २०२५ च्या सप्टेंबरात कोपा मॉलमध्ये अ‍ॅपलचं स्वतःचं दुकान उघडल्यापासून मुंबईला बीकेसीतल्या दुकानात जायची गरज राहिलेली नाही, त्यामुळे जे काय करायचं ते इथेच.

रात्री बारा-एकपासून रांग लावली तर फोन हमखास मिळतो का? की लक्ष्मी रोडच्या नेहमीच्या दुकानदाराकडे नाव नोंदवून ठेवलेलं बरं? पैसे यूपीआयने चालतील की कार्डच लागेल? जुना फोन बरोबर न्यायचा तर त्याची तयारी काय करावी? "ऑनलाइन मागव की" एवढंच सांगणार असाल तर तेही सांगा, पण कारणासकट.

मुठाकाठ

कारणासकटच सांगतो. विक्रीच्या दिवशी दुकानाबाहेर एक रांग नसते, दोन असतात. एक आधी बुकिंग करून ठरलेल्या वेळी फोन उचलायला आलेल्यांची, दुसरी नुसतेच आलेल्यांची. टीव्हीवर रात्रभर बसलेली जी माणसं दिसतात ती बहुतेक दुसऱ्या रांगेतली. पहिल्या रांगेतल्या माणसाचं नाव फोनवर आधीच लागलेलं असतं. तो सकाळी साडेअकराच्या वेळेला साडेअकरालाच गेला तरी त्याचा नग त्याच्यासाठी थांबलेला असतो. दुसऱ्या रांगेला बुकिंग वजा जाऊन जो माल उरतो त्यातून मिळतं. त्यात साधं मॉडेल आणि न खपणारे रंग असतात, आणि सगळ्यांना हवा असलेला प्रो सगळ्यात आधी संपतो. २०२५ ला भगव्याच्या जवळ जाणाऱ्या त्या केशरी प्रोचं हेच झालं.

म्हणजे खरी रांग आठवडाभर आधी लागते, आणि ती घरात बसून लावायची असते. वेळापत्रक दरवर्षी जवळपास तेच. २०२३ ला घोषणा १२ सप्टेंबरला, बुकिंग १५ ला, विक्री २२ ला. २०२४ ला ९, १३ आणि २०. २०२५ ला ९, १२ आणि १९. घोषणा आठवड्याच्या सुरुवातीला, त्याच आठवड्यातल्या शुक्रवारी बुकिंग, पुढच्या शुक्रवारी विक्री. बुकिंग आपल्याकडे संध्याकाळी साडेपाचला उघडतं, कारण तेव्हा कॅलिफोर्नियात पहाटेचे पाच वाजलेले असतात. ऑफिस सुटायची वेळ, त्यामुळे बरेच जण नेमके कर्वे रोडच्या किंवा नगर रोडच्या ट्रॅफिकमध्ये अडकलेले असतात आणि घरी पोचून साडेसहाला उघडतात. तोवर प्रोची तारीख तीन-चार आठवडे पुढे गेलेली असू शकते.

साडेपाचच्या आधी एवढं करून ठेवा: अ‍ॅपल स्टोअरचं अ‍ॅप घेऊन लॉगिन करा (वेबसाइटपेक्षा गर्दीत अ‍ॅप लवकर उघडतं), पत्ता आणि पिनकोड भरा, कार्ड जोडा, हवं ते मॉडेल, स्टोरेज आणि रंग सेव्ह करून ठेवा. पहिल्या पसंतीच्या जोडीला दुसरा रंगही ठरलेला असू द्या. "निळा घेऊ का काळा" हे घरच्यांना साडेपाच वाजून दोन मिनिटांनी विचारायला घेतलंत की संपलं. अ‍ॅप उघडल्यावर पाच-दहा मिनिटं "लवकरच येत आहोत" छापाचं पान दिसत राहतं. ते बंद करून परत उघडा. घरपोच आणि दुकानातून उचलणं असे दोन पर्याय येतात. दुकान निवडलंत तर दिवस आणि वेळेची खिडकी मिळते. फोन दुसरं कुणी उचलणार असेल तर त्याचं नाव ऑर्डरमध्येच घाला. उचलायला जाताना ऑर्डरचा क्यूआर आणि सरकारी ओळखपत्र मूळ प्रतीत. झेरॉक्स दाखवून वाद घालू नका, काउंटरवरच्या पोराच्या हातात काही नसतं.

एका माणसाला एका मॉडेलचे साधारण दोनच नग देतात. तुमचं एक प्रो आणि एक साधा, त्यामुळे मर्यादेचा प्रश्न नाही. पण दोन्ही एकाच ऑर्डरमध्ये टाकू नका. आधी प्रो टाका, ऑर्डर नंबर येऊ द्या, मग साधा. एकत्र टाकलं आणि साध्याचा हवा तो रंग दुकानात नसला, तर त्याच्या पायी प्रोची खिडकीही हातची जाते.

पावती_पक्की

लक्ष्मी रोडच्या दुकानदाराचं विचारलंय म्हणून दुकानाच्या बाजूने लिहितो.

अधिकृत दुकानाकडेही पहिल्या दिवशी मोजकाच माल येतो, आणि तो कुणाला द्यायचा हे मालक ठरवतो. नेहमीचं गिऱ्हाईक असाल तर हा रस्ता खरंच चांगला आहे. रांग नाही, रात्र नाही, अकराला दुकान उघडलं की फोन हातात. अडचण आगाऊ रकमेची असते. हजार-पाच हजारांचं टोकन घेतात आणि हातात देतात कार्डाच्या मागे लिहिलेलं काहीतरी. तसं चालवून घेऊ नका. पावतीवर मॉडेल, स्टोरेज, रंग, ठरलेली किंमत आणि "अमुक तारखेपर्यंत न मिळाल्यास रक्कम परत" हे लिहून, शिक्का मारून घ्या. रंग न लिहिलेल्या पावतीवर तुम्हाला कुठलाही रंग दाखवता येतो आणि नको म्हटलंत तर "तुम्हीच नाकारलं" असं होतं.

दुसरा प्रकार म्हणजे गळ्यात मारणं. कव्हर, टेम्पर्ड ग्लास, चार्जर आणि एक विमा योजना मिळून सात-आठ हजारांचा गठ्ठा घेतलात तरच पहिल्या दिवशी फोन. छापील किंमत तीच, पण खरी किंमत वाढली. टोकन देतानाच "नुसता फोन मिळेल ना?" हे सरळ विचारा, म्हणजे नंतर काउंटरवर तोंड वाईट व्हायला नको. चार्जर मात्र वेगळा घ्यावाच लागतो, खोक्यात २०२० पासून येत नाही. फक्त केबल असते. घरात २० वॉट किंवा जास्तीचा टाइप-सी चार्जर असेल तर तोच चालतो. आयफोन १३ ची लाइटनिंग केबल मात्र नव्याला बसणार नाही.

तिसरी गोष्ट, सील. पहिल्या काही दिवसांत बरीच दुकानं फोन तुमच्यासमोर फोडून चालू करूनच देतात, म्हणजे तो सीलबंद परत बाजारात जाऊ नये. त्यात वावगं काही नाही. वॉरंटी एक वर्षाची आणि ती खरेदीच्या तारखेपासून धरतात. पण फोडताना तुम्ही समोर हवं. खोक्यावरचे दोन्ही आयएमईआय (फोनचे ओळख क्रमांक), बिलावरचे आणि *#०६# दाबल्यावर पडद्यावर येणारे, तिन्ही जुळले पाहिजेत. पंधरा आकडे असतात, शेवटचे चार बघून सोडू नका. मॉडेल नंबर एचएन/ए ने संपतो का तेही बघा. तो भारतातला नग. पहिलं अक्षर एम म्हणजे नवा, एफ म्हणजे दुरुस्त करून विकलेला, एन म्हणजे बदली दिलेला. अमेरिकेतून आलेल्या नगात आयफोन १४ पासून सिमचा खणच नसतो, त्यामुळे "पाच हजार कमी, पण बिल नाही" म्हणणारा काय देतोय ते एका नजरेत कळतं. शंका असेल तर केवायएम (KYM), जागा सोडून आयएमईआय, असा एसएमएस १४४२२ ला पाठवा.

धंद्याच्या नावावर घेणार असाल तर बिल फाडण्याआधी जीएसटी नंबर सांगा. १,३४,९०० च्या फोनमध्ये १८ टक्क्यांप्रमाणे २०,५७८ रुपये जीएसटी आहे. बिल एकदा वैयक्तिक नावाने फाटलं की बहुतेक ठिकाणी ते बदलून मिळत नाही. रांगेत चार तास उभा राहिलेला माणूस काउंटरवर पोचला की त्याला हेच आठवत नाही.

चौथा_पेठकर

ऑक्टोबरात जा. तोच फोन, त्याच किमतीला, बसायला खुर्ची आणि वर पाणी विचारतात. दिवाळीत तर बँका सवलतही वाढवतात.

स्वाइप_मास्तर

पेठकरांचं बरोबर आहे, पण धागाकर्त्याने ते विचारलेलं नाही.

पैशांचं बघू, कारण काउंटरवर पोचल्यावर सगळ्यात जास्त खोळंबा तिथेच होतो. २०२५ च्या किमती धरल्या तर १७ प्रो १,३४,९०० आणि साधा १७ ८२,९००. दोन्ही मिळून २,१७,८००. यूपीआयची दुकानातल्या खरेदीची नेहमीची मर्यादा दिवसाला एक लाख, आणि काही बँकांची त्याहून कमी. म्हणजे साधा फोन यूपीआयवर बसेल, प्रो बसणार नाही. त्यात सकाळपासून रिक्षा, चहा, नाश्ता यूपीआयवरच केला असेल तर लाखातून तेवढं वजा. रोख म्हणाल तर एका व्यवहारात दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख दुकानदाराला घेताच येत नाही. तेव्हा कार्ड हवं.

कार्ड नाकारलं जाण्याची कारणं ठरलेली आहेत:

पहिलं, बँकेच्या अ‍ॅपमधली मर्यादा. ऑक्टोबर २०२० पासून कार्डाचे ऑनलाइन, स्वाइप मशीन, टॅप आणि परदेशी व्यवहार वेगवेगळे चालू-बंद करता येतात आणि प्रत्येकाची मर्यादा वेगळी असते. क्रेडिट लिमिट चार लाख असूनही स्वाइप मशीनची मर्यादा पन्नास हजारांवर असू शकते. डेबिट कार्डाचं तर हे हमखास. आदल्या दिवशी उघडून बघा आणि वाढवा.

दुसरं, पिन. पाच हजारांच्या वर टॅप केलं तरी पिन मागतात. जे कायम टॅप आणि ऑनलाइनच करतात त्यांना पिन आठवत नाही. तीनदा चुकला की कार्ड त्या दिवसापुरतं बंद. आधी एखाद्या एटीएमवर शिल्लक बघून पिन खात्रीचा करून घ्या.

तिसरं, संशय. महिनाभर किराणा आणि पेट्रोल भरणाऱ्या कार्डावर अचानक सव्वा लाख आले की बँकेची यंत्रणा अडवते आणि खात्रीसाठी फोन किंवा एसएमएस येतो. त्या क्षणी जुन्या फोनची बॅटरी संपलेली असेल तर बसा. पॉवर बँक त्यासाठी न्यायची, रील बघायला नाही.

चौथं, "विनाव्याज हप्ते". व्याज किमतीतून वजा करून देतात हे खरं, पण त्या व्याजावरचा जीएसटी तुम्हीच भरता. १,३४,९०० सहा हप्त्यांत, बँकेचा दर वर्षाला १६ टक्के धरला, तर हप्ता २२,४८३ आणि आतलं व्याज सहा हजार शंभरच्या आसपास. त्यावर १८ टक्के म्हणजे जवळजवळ अकराशे रुपये. शिवाय दोन-तीनशे प्रक्रिया शुल्क, त्यावर पुन्हा जीएसटी. आणि पहिल्या दिवशी कार्डाची पूर्ण रक्कम अडकते. पुढे दिवाळीचा खर्च त्याच कार्डावर असेल तर ते मोजून ठेवा. बँकेची सवलत काही ठरावीक कार्डांवरच असते. दोन कार्डांत रक्कम फोडणार असाल तर ती लागू होते का हे मशीनमध्ये कार्ड घालायच्या आधी विचारा.

सिंहगड_रोडकर

सगळ्यांचे आभार. साडेपाचचं मनावर घेतो आणि दोन ऑर्डरींचंही. समजा प्रोची खिडकी मिळाली नाही आणि रात्री जावंच लागलं, तर तिथली व्यवस्था काय असते? एक्सचेंजचं आणि डेटाचं अजून कुणी बोललं नाही.

मुठाकाठ

जायचंच ठरलं तर आधी पंचांग बघा. यंदा, २०२६ ला, गणेश चतुर्थी १४ सप्टेंबरला आहे आणि अनंत चतुर्दशी २५ ला, शुक्रवारी. नेहमीचा क्रम धरला तर विक्रीचा दिवस १८ किंवा २५ ला यायची शक्यता मोठी, म्हणजे दोन्ही उत्सवाच्या आत. २०२५ ला उलट झालं होतं. विक्री १९ सप्टेंबरला, नेमकी पितृपक्षात, घटस्थापनेच्या तीन दिवस आधी. त्यामुळे "पक्ष पंधरवड्यात नवी वस्तू नको" म्हणणारे आपोआप बाजूला राहिले. यंदा तसं काही होणार नाही. ज्यांना मुहूर्त लागतो तेही रांगेत असतील.

२५ ला विक्री आली तर सिंहगड रोडवरून गाडीने मध्यवर्ती भागात शिरायचंच नाही. लक्ष्मी, टिळक, कुमठेकर आणि केळकर रस्ते मिरवणुकीचे, तिकडून वाट नाही. स्वारगेट, शंकरशेठ रोड, गोळीबार मैदान, कॅम्प, मग कोरेगाव पार्क असं बाहेरून या. त्यापेक्षा मेट्रो बरी: स्वारगेटहून सिव्हिल कोर्ट, तिथे बदलून रामवाडीच्या बाजूची गाडी, बंड गार्डन किंवा कल्याणीनगरला उतरून रिक्षा. कल्याणीनगरहून पूल ओलांडावा लागतो. एरवी मेट्रो सकाळी सहाला सुरू होते, म्हणजे रात्रीच्या रांगेला तिचा उपयोग शून्य. पण २०२५ च्या विसर्जनाला ती रात्रभर चालली होती, तेव्हा यंदाचं वेळापत्रक जाहीर झालं की बघून घ्या. दुचाकी मुंढवा रोडवर कडेला लावून जाऊ नका. सकाळी रांग पुढे सरकेल आणि गाडी टेम्पोत चढेल.

मॉल रात्री बंद असतो, तेव्हा रांग बाहेर, गेटपाशी. बाहेर म्हणजे सप्टेंबरातला पुण्याचा पाऊस. संध्याकाळी अर्धा तास झोडपतो आणि मग पहाटे गार होतं. छत्री नको, मागच्याच्या डोळ्यात जाते आणि सुरक्षावाले मिटायला लावतात, रेनकोट घ्या. घडीचं स्टूल, लिटरभर पाणी, कोरडा खाऊ. चहा बेताने, कारण रात्री जवळपास उघडं स्वच्छतागृह मिळेलच असं नाही. जुना फोन आणि कागदपत्रं झिपच्या प्लास्टिक पिशवीत.

रात्री कुणीतरी वही काढतं आणि नावं लिहायला लागतं. एक, दोन, तीन. त्या वहीला दुकान किंवा मॉल बांधील नाही. सकाळी सुरक्षावाले बॅरिकेड लावून रांग नव्याने उभी करतात तेव्हा जो प्रत्यक्ष जागेवर आहे त्यालाच नंबर. वहीत नाव घालून घरी झोपायला गेलेला माणूस सकाळी भांडतो, आणि ढकलाढकली तिथूनच सुरू होते. १९ सप्टेंबर २०२५ ला बीकेसीत रांगेतच हाणामारीपर्यंत गेलं होतं. म्हणून टोकन किंवा मनगटपट्टी मिळेपर्यंत जागा सोडायची नाही, आणि एकट्याने जायचं नाही. दोघं असाल तर एक जण पाळीने बाजूला जाऊ शकतो. मागच्या-पुढच्याला तसं सांगून ठेवा.

विक्रीच्या दिवशी अ‍ॅपलची दुकानं सकाळी आठला उघडत आली आहेत. पट्टी देताना कुठलं मॉडेल शिल्लक आहे ते विचारा. प्रो संपलाय हे तिथे कळलं तर परत फिरा. साध्यासाठी आणखी दोन तास उभं राहण्यात काही राम नाही, तो दुपारी मिळतो. आणि न उचललेल्या ऑर्डरी रद्द होऊन माल परत साठ्यात येतो, तेव्हा पुढचे दोन-तीन दिवस सकाळ-संध्याकाळ अ‍ॅपमध्ये "आज दुकानातून उचला" दिसतंय का ते बघत राहा. रात्री जागण्यापेक्षा याने जास्त प्रो मिळतात.

अर्धा_जीबी

एक्सचेंज आणि डेटा. यात मुख्य अडचण अशी की एक्सचेंजचा जुना फोन काउंटरवर तिथल्या तिथे ताब्यात घेतात. म्हणजे डेटा नव्यात गेला की नाही हे नीट बघायच्या आत जुना हातातून जातो. म्हणून सगळी तयारी आदल्या दिवसापर्यंत संपवा.

आयफोन १३ साठी: सेटिंग्ज, जनरल, मग "ट्रान्सफर ऑर रीसेट आयफोन". तिथे नव्या फोनच्या तयारीचा पर्याय आहे. आयक्लाउडवर (अ‍ॅपलच्या ऑनलाइन साठ्यात) जागा पुरत नसेल तर त्यातून तात्पुरती जागा फुकट मिळते, साधारण एकवीस दिवसांसाठी. फुकटच्या ५ जीबीवरच अडकलेल्या माणसाला विकत प्लॅन घ्यायची गरज नाही. बॅकअप रात्री वाय-फायवर, चार्जिंगला लावून. सकाळी "शेवटचा बॅकअप" याखाली आजची तारीख आहे ना ते बघा.

मग "स्टोलन डिव्हाइस प्रोटेक्शन", म्हणजे फोन चोरीला गेला तर कामी येणारं कवच. हे चालू असेल आणि तुम्ही घर किंवा ऑफिससारख्या ओळखीच्या जागेपासून लांब असाल, तर अ‍ॅपल खात्यातून बाहेर पडायला फोन एक तास थांबवतो. फेस आयडी, मग तासभर वाट, मग पुन्हा फेस आयडी. काउंटरवर हे कळलं की तुमचा तासही जातो आणि मागच्या माणसाचं डोकंही. घरूनच ते बंद करून निघा. वाटेत फोनला जपा, तेवढा वेळ ते कवच नाही. "फाइंड माय" (हरवलेला फोन शोधायची सोय) चालू असलेला फोन एक्सचेंजला घेतच नाहीत. अ‍ॅपल आयडीचा पासवर्ड पाठ असला पाहिजे, कारण बंद करताना तो मागतो आणि "विसरलो" म्हटलं की आणखी ओटीपी आणि आणखी वाट.

किंमत ठरते ती पडद्यावरचे तडे, मागची काच, बॅटरीची स्थिती आणि सुटे भाग यावर. बाहेर पडदा बदललेला असेल तर सेटिंग्जमध्ये "अबाउट" खाली अनोळखी भाग म्हणून दिसतं, आणि काउंटरवरचा माणूस तेच आधी उघडतो. कव्हर आणि ग्लास काढून, पुसून न्या. खोकं नसलं तरी चालतं.

आता दुकानात. नवा फोन बाजूला ठेवला की जुना स्वतःच विचारतो, त्याला क्विक स्टार्ट म्हणतात. शंभर जीबीला तास-दीड तास धरा, आणि दोन्ही फोन चार्जिंगला. इथे सगळ्यात जास्त वेळा जे बिघडतं ते असं: जुन्या फोनवर तुम्ही नवीनतम आयओएस टाकलेलं असतं, आणि खोक्यातल्या नव्या फोनवर कारखान्यातून आलेलं थोडं जुनं. मग "हा बॅकअप नव्या आवृत्तीचा आहे" असं म्हणून बॅकअप उतरतच नाही. आधी नव्याला अपडेट करायचं, मग डेटा. तुमच्याकडे तेवढी सवड नसेल तर नवा फोन कोरा सुरू करा, आयक्लाउडचा बॅकअप घरी गेल्यावर उतरवा. मात्र जुना देण्याआधी एकदा बँकेची अ‍ॅप, ऑथेंटिकेटर (लॉगिनचे कोड देणारं अ‍ॅप) आणि ऑफिसचं लॉगिन बघा. ही बॅकअपमधून आपोआप चालू होत नाहीत, आणि काहींची नवी नोंदणी जुन्या फोनवरूनच मंजूर करावी लागते. असं एखादं अ‍ॅप असेल तर त्या दिवशी एक्सचेंज करू नका. पंधराशे-दोन हजार कमी आले तरी नंतर बाहेर विका.

अँड्रॉइडवाल्या फोनसाठी वेगळं. अँड्रॉइडवर "मूव्ह टू आयओएस" अ‍ॅप घालून ठेवा. व्हॉट्सअ‍ॅपच्या गप्पा त्यातूनच नेता येतात, आणि ते नव्या फोनच्या अगदी सुरुवातीच्या मांडणीतच करावं लागतं. दुकानातल्या मुलाने उत्साहाने फोन पूर्ण सुरू करून दिला तर घरी येऊन तो पुसून पुन्हा पहिल्यापासून सुरू करावा लागेल. तेव्हा साध्या फोनचे फक्त खोक्यावरचे आणि बिलावरचे आयएमईआय जुळवा, बाकी घरी करा. गूगल ड्राइव्हवरचा व्हॉट्सअ‍ॅप बॅकअप आयफोनवर उतरत नाही. त्याच्या भरवशावर राहू नका.

नफा_बघू

दोनच्या जागी चार घेऊन दोन "वर पैसे" लावून विकले तर रांगेचे पैसे निघतील ना?

पावती_पक्की

निघायचे दिवस फार थोडे असतात आणि ते तुमच्या हातात नसतात. वरचे पैसे फक्त टंचाईच्या रंगाला आणि तेही पहिले चार-पाच दिवस. पुढच्या मालाचा ट्रक आला की भाव छापील किमतीच्या खाली येतो, कारण घेणारा म्हणतो "बिल तुझ्या नावावर आहे, मला वॉरंटीची भीती". सील फोडून दिलेला असेल तर त्याहून खाली. हप्त्यांवर घेतलेला असेल तर वरचा अकराशेचा जीएसटी तुमच्या खिशातून. भाड्याने माणसं उभी करणारे घाऊक टोळीने येतात, त्यांचा हिशेब वेगळा असतो. तुमच्या दोन नगांनी त्यांच्याशी स्पर्धा होणार नाही. आणि अनोळखी माणसाला तुमच्या नावच्या बिलासकट फोन देताय, तर त्याच्या ओळखपत्राची प्रत आणि सही घेतल्याशिवाय देऊ नका. तो आयएमईआय पुढे कुठे सापडला तर पहिला फोन तुम्हाला येईल.

स्वाइप_मास्तर

सिमचं राहिलं. १७ आणि १७ प्रोच्या भारतातल्या नगात एक खण आणि ई-सिम (फोनमध्येच असलेलं, वेगळं कार्ड नसलेलं सिम) दोन्ही होते, आयफोन एअर मात्र फक्त ई-सिमवर. यंदा खोक्यावर बघून घ्या. जुनं सिम काढून तसंच नव्यात घातलं तर काही अडचण नाही. पण सिमचं ई-सिम करून घेतलं तर ती सिमबदली धरतात, आणि त्यानंतर चोवीस तास एसएमएस येत-जात नाहीत. म्हणजे बँकेचा ओटीपी नाही, म्हणजे ऑनलाइन कार्ड नाही, यूपीआयची नवी नोंदणीही नाही. नोंदणी झाली तरी नव्या फोनवर पहिले चोवीस तास पाच हजारांचीच मर्यादा असते. काही बँका आयफोनवर ती बहात्तर तास ठेवतात.

तेव्हा ई-सिमचं काम फोन घेण्याआधी करू नका, आणि घेतल्यावर लगेच शुक्रवारीही नको. घरभाडं, हप्ता, गणपतीच्या वर्गणीचं काही राहिलं असेल तर ते आधी जुन्या फोनवरून उरका आणि खिशात दोन-तीन हजार रोख ठेवा. रविवारी सकाळी ई-सिम करा, सोमवारी बँक उघडेपर्यंत एसएमएस सुरू झालेले असतील.